हाताच्या ठशांचे प्राणी: लहान मुलांबरोबर करायचं कागदकाम

रंगवलेला तळहात कागदावर दाबायचा, उचलायचा आणि कागद उलटा फिरवायचा. चार बोटांचे झाले पाय, अंगठ्याची झाली सोंड. हत्ती! मुलांना या कामाची गोडी लागते ती या फिरवण्यामुळे. मघापर्यंत जो आपला हात होता, तो बघता बघता भलताच कोणी होऊन बसतो.

म्हणून पहिल्यांदाच करायला बसणाऱ्यांना माझं सांगणं असतं: ठसा आधी, प्राणी नंतर. नमुन्याचं चित्र समोर ठेवून मुलाचं बोट न् बोट त्याप्रमाणे वळवायला गेलात, तर पाचव्या मिनिटाला मूल कंटाळेल आणि दहाव्या मिनिटाला तुम्ही. ठसा जसा येईल तसा येऊ द्या. तो वाळला की कागद चारी बाजूंनी फिरवून मुलालाच विचारा, "यात कोण लपलंय?" तुमच्या मनात हत्ती असेल आणि मूल "डायनोसॉर" म्हणेल. चालवून घ्यायचं.

शक्यतो काम दोन बैठकींत करा. आज ठसे, आणि डोळे-कान-शेपट्या उद्या, किंवा निदान दुपारची झोप झाल्यावर. ओल्या रंगावर स्केचपेन चालवलं की पेनाचं टोकही बिघडतं आणि प्राण्याचं तोंडही. शिवाय तीन वर्षांचं मूल एका जागी किती वेळ बसतं हे तुम्हाला माहीत आहेच.

सामान

कागदाकडे लक्ष द्या, कारण निम्मी फजिती तिथे होते. प्रिंटरचा साधा कागद साधारण ८० जीएसएमचा असतो, म्हणजे त्याच्या एका चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम. ओला रंग लागला की तो लगेच सुरकुततो. ठशांसाठी १६० ते २२० जीएसएमची कार्डशीट घ्या. पाकिटावर आकडा छापलेला असतो. हात गिरवून कापायचा असेल तर मात्र पातळ रंगीत कागदच बरा, कारण मुलांच्या कात्रीला जाड कार्डशीट झेपत नाही.

रंग पाण्याने धुतला जाणारा हवा: पोस्टर कलर किंवा फिंगर पेंट. अ‍ॅक्रिलिक नको. वाळल्यावर त्याचा प्लॅस्टिकसारखा थर बसतो, कातडीवरून खरवडावा लागतो आणि कपड्यावरून तर निघतच नाही. बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असावं, पण त्याचा अर्थ 'खाल्ला तरी चालेल' असा घेऊ नका. फिंगर पेंटसाठी युरोपात ईएन ७१-७ हे वेगळं मानक आहे. त्यानुसार या रंगात मुद्दाम कडू पदार्थ घालावा लागतो, म्हणजे बोट तोंडात गेलंच तर मूल तोंड वाकडं करून आपणहून बाहेर काढतं. हात सारखा तोंडात घालणाऱ्या मुलासाठी असाच रंग शोधा.

हलणारी बुबुळं असलेले प्लॅस्टिकचे डोळे दिसतात छान, पण तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर ते आणूच नका. खेळण्याचा एखादा भाग लहान मुलाच्या घशात अडकू शकेल का, हे पाहायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारा तुकडा या वयाच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही. हे डोळे तर त्यात कितीतरी मावतील. त्याऐवजी पंचिंग मशीनच्या पोटात साचलेल्या पांढऱ्या टिकल्या बघा. फुकटचे डोळे! त्यांवर काळा ठिपका दिला की झालं.

बाकी एक चपटा ब्रश किंवा स्पंजचे तुकडे, रंगासाठी उथळ ताटली, ग्लू स्टिक, बोथट टोकाची कात्री, पेन्सिल, काळं स्केचपेन. आणि रद्दी, भरपूर.

रंग ओतायच्या आधी

टेबलावर किंवा जमिनीवर रद्दी पसरा. मुलाच्या बाह्या कोपरापर्यंत वर करा. नुसत्या दुमडलेल्या बाह्या घसरतात, रबर बँडही नको, वर पिन किंवा चिमटा लावा. पाण्याची बादली आणि दोन ओली फडकी हाताशी ठेवा. हाताशी म्हणजे अक्षरशः हाताशी, उठावं न लागता. मुलाचा एक रंगलेला हात तुमच्या हातात असताना नळापर्यंत जायची वेळ आली, तर वाटेतली भिंत, पडदा आणि दाराची कडी यांचा हिशेब नंतर करावा लागतो.

रंग नवीन असेल तर आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून धुऊन टाका. दुसऱ्या दिवशी तिथे लाली किंवा खाज दिसली तर तो रंग बाजूला. हाताला कापलेलं, खरचटलेलं असेल किंवा इसब असेल तर ठशाचा विचार सोडा आणि खाली दिलेल्या गिरवण्याच्या पद्धतीकडे वळा.

ठसा

१. रंग ताटलीत काढा. फार घट्ट असेल तर थेंब-थेंब पाणी घाला. ब्रश उचलल्यावर थेंब सावकाश पडला पाहिजे; धार लागली तर रंग जास्त पातळ झाला.

२. रंगात हात बुडवू नका. मुलांना ते हवं असतं, पण बोटांच्या बेचक्यांत रंग साचतो आणि कागदावर पाच बोटांऐवजी एक डबकं उमटतं. स्पंजने तळहातावर पातळ थर द्या: आधी तळवा, मग बोटं मुळापासून टोकाकडे. थर इतका पातळ हवा की हातावरच्या रेषा अंधूक दिसत राहतील.

३. कागदाखाली दुमडलेला टॉवेल किंवा रद्दीची जाड घडी ठेवा. तळव्याच्या मधोमध खळगा असतो, त्यामुळे कडक टेबलावर घेतलेल्या ठशाच्या पोटात पांढरं भोक पडतं. खाली मऊ असेल तर कागद त्या खळग्यापर्यंत पोचतो.

४. "बोटं पसर, सूर्य कर" असं काही सांगा आणि हात वरून सरळ खाली ठेवू द्या. मग तुमच्या बोटाने मुलाच्या प्रत्येक बोटाचं टोक आणि मग तळव्याचा मधला भाग हलकेच दाबा. अंगठा विसरायचा नाही. तो आडवा टेकतो, त्याची फक्त कड उमटते, आणि पुढे सोंड म्हणा की मान म्हणा, सगळी भिस्त त्याच्यावरच असते.

५. उचलताना घाई होते. तुमच्या एका हाताने कागद दाबून धरा, दुसऱ्याने मुलाचं मनगट धरून हात सरळ वर उचला. मूल हात मागे ओढतं तेव्हा बोटं लांब होतात आणि ठसा फराटतो.

पहिला ठसा बहुतेकदा गिचमिड येतो, कारण रंग जास्त असतो. त्याच हाताने, पुन्हा रंग न लावता, शेजारी दुसरा ठसा घ्या. हा दुसरा ठसा पुष्कळदा अधिक चांगला निघतो: बोटांच्या पेरांवरच्या रेषासुद्धा दिसतात. म्हणून एका हाताला दोन कागद आधीच मांडून ठेवा.

रंग बदलताना फिक्याकडून गडदाकडे जा, म्हणजे मधल्या धुण्यात राहिलेला रंग पुढच्या रंगाला मळवत नाही. एका हातावर दोन रंग चालतात, तीन ठीक. त्यापुढे सगळ्याचा मातकट चिखल होतो. पांढऱ्या कागदावर पिवळा रंग जेमतेम दिसतो, त्याला निळा किंवा काळा कागद द्या. आणि हत्तीचा करडा रंग बनवताना पांढऱ्यात काळ्याचा ठिपका टाका, काळ्यात पांढरा ओतत बसू नका, नाहीतर बाटली संपेल आणि हत्ती काळाच राहील.

अगदी तान्ह्या मुलांचं काय?

पहिल्या पाच-सहा महिन्यांत तळव्याला काही लागलं की मूठ आपोआप मिटते. ती जन्मजात प्रतिक्रिया आहे, हट्ट नव्हे. रंग लावायला गेलात की मूठ बंद, आतला रंग बोटांत. हाताच्या पाठीवरून, मनगटाकडून बोटांकडे हळूच बोट फिरवलं की मूठ बरेचदा सैल होते. कागदावर हात नेण्यापेक्षा पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद हातापाशी आणणं सोपं. खरं तर या वयात पायाचा ठसा घ्यावा. पाऊल मुठीसारखं मिटत नाही, तोंडातही उशिरा जातं, आणि दोन पावलं शेजारी-शेजारी उमटवली की फुलपाखराचे पंख होतात.

कुठल्या ठशातून कोण निघतं

हत्तीपासून सुरुवात करा. ठसा उलटा केल्यावर तळवा हे अंग, चार बोटं पाय, अंगठा सोंड. उजव्या हाताचा हत्ती उजवीकडे बघतो, डाव्या हाताचा डावीकडे. दोघांना समोरासमोर उभं करायचं असेल तर उजव्या हाताचा ठसा कागदाच्या डाव्या अंगाला हवा. फक्त लक्षात ठेवा, कागद नंतर उलटा फिरणार आहे, तेव्हा उमटवताना जागा बरोबर विरुद्ध घ्या. ही भानगड नको असेल तर दोन वेगळ्या कागदांवर ठसे घ्या आणि कापून चिकटवा. कान मात्र मोठा, वेगळ्या कागदाचा, एकाच कडेला डिंक लावलेला असू द्या, म्हणजे तो फडफडतो. शेपूट करंगळीच्या बाजूला.

त्याच उलट्या ठशाच्या अंगठ्याला कागदाची लांब पट्टी मानेसारखी जोडली तर जिराफ. पट्टीच्या टोकाला लहानसं डोकं, अंगावर बोटाच्या टोकाने तपकिरी ठिपके. ठिपक्यांचं काम दोन वर्षांचं मूलही मन लावून करतं, आणि थांबवलं नाही तर जिराफ पूर्ण तपकिरी होतो.

कोंबडीला कागद उलटावा लागत नाही. बोटं वर, अंगठा बाजूला: अंगठा म्हणजे मान आणि डोकं, बोटं म्हणजे शेपटीची पिसं. लाल तुरा, चोच आणि काड्यांसारखे दोन पाय. पहिल्याच दिवशी काहीतरी पुरं होऊन भिंतीवर लागावं असं वाटत असेल तर कोंबडी करा.

मासा करताना बोटं चिकटवून ठेवायची. बोटांची शेपटी, तळव्याचं अंग, अंगठ्याचा वरचा पर, मनगटाच्या बाजूला तोंड.

मला स्वतःला खेकडा सगळ्यांत आवडतो, कारण त्याचं गणित चोख बसतं. खेकड्याला चालायचे आठ पाय आणि दोन नांग्या, एकूण दहा. आपली बोटंही दहा. दोन्ही अंगठे वर म्हणजे नांग्या, उरलेली चार-चार बोटं दोन्ही बाजूंना पाय, आणि मध्ये दोन तळवे एकमेकांवर चढून कवच. मात्र दोन्ही हात एकदम ठेवायला सांगू नका. मनगटं मध्ये आणि बोटं बाहेर अशा अवस्थेत मुलाची कोपरं एकमेकांत अडकतात. एक हात उमटवा, मग मुलाला तिथेच बसू द्या आणि कागद फिरवून दुसऱ्या हातासमोर आणा. डाव्या हाताची बोटं डावीकडे, उजव्याची उजवीकडे, दोन्ही अंगठे एकाच बाजूला येतात ना एवढं ठसा घेण्याआधी कोरड्या हाताने तपासा. डोळे कवचाच्या वर, बारीक दांड्यांवर.

ऑक्टोपसला हात आठ, म्हणून अंगठ्यांना रंगच लावायचा नाही. दोन्ही तळव्यांच्या कडा एकमेकांवर येतील असे दोन ठसे शेजारी घ्या, वाळल्यावर उलटे करा. कोळ्यालाही आठच पाय, पण तो करायचा तर ठसे खेकड्यासारखे आडवे, अंगठे न रंगवता. मोजायला शिकणाऱ्या मुलाला हे दोघे द्या आणि बोटं मोजायला लावा. एखाद्याला सात निघाले तर आठवा पाय बोटाने काढता येतो.

रंग नको असेल तेव्हा: गिरवणं आणि कापणं

काही मुलांना हाताला चिकट काही लागलेलं अजिबात खपत नाही. हात आखडतात, रडतात. जबरदस्ती करू नका. तुम्ही स्वतःचा ठसा घेऊन दाखवा, स्पंज मुलाच्या हातात देऊन तुमचा तळवा रंगवू द्या. बरीच मुलं त्यानंतर आपणहून हात पुढे करतात. नाही केला तरी बिघडत नाही, गिरवलेल्या हातातूनही सगळे प्राणी होतात.

गिरवताना पेन्सिल उभी धरा. आत कलली तर बोटं काडीसारखी येतात, बाहेर कलली तर जाडजूड. बेचक्यांत गुदगुल्या होतात आणि हात हलतो, म्हणून आधी बाहेरची कड पूर्ण करून बेचक्या शेवटी घ्या. कापण्यासाठी रेषेच्या किंचित बाहेरून दुसरी रेषा काढून त्यावरून कापा, नाहीतर करंगळी हमखास तुटते. बेचक्यात कात्री वळवायची नाही: एका बाजूने खोलपर्यंत जा, कात्री बाहेर काढा, दुसऱ्या बाजूने या.

मूल स्वतः किती कापेल? साधारण तिसऱ्या वर्षी कागदाला नुसत्या चिरा देणं जमतं, चौथ्याच्या आसपास सरळ रेषेवरून, आणि बोटांसारखी वळणं पाचव्या-सहाव्या वर्षी. यात पुढे-मागे होतंच. कात्री धरताना अंगठा वरच्या बाजूला, आणि वळणावर कात्रीऐवजी दुसऱ्या हातातला कागद फिरवायचा, हे दाखवून द्यावं लागतं. डावऱ्या मुलाला डावऱ्यांची कात्री आणा. साध्या कात्रीचं पातं त्याची रेषा झाकतं आणि कागद कापायऐवजी दुमडतो. हात मोठ्यांनी कापायचा आणि गवत, आयाळ, पिसं यांच्या चिरा मुलाने मारायच्या, ही वाटणी सगळ्यांना परवडते.

गिरवलेल्या हातांचा सगळ्यांत देखणा प्राणी म्हणजे सिंह. चेहऱ्यासाठी १२ सेंटिमीटर व्यासाचा गोल कापा. त्याचा परीघ ३७-३८ सेंटिमीटर भरतो आणि लहान मुलाचा तळवा पाचेक सेंटिमीटर रुंद, म्हणजे आठ हातांत एक फेरी पुरी होते. दाट आयाळ हवी असेल तर आणखी चार-पाच हात मागच्या थरात, पुढच्या हातांच्या मधल्या जागांत बसवा. एवढे हात एकेक गिरवायचे नाहीत: कागदाच्या तीन-चार घड्या एकत्र स्टेपल करा, वर एकदाच गिरवा आणि मोठ्या कात्रीने एकदम कापा. पिवळा, नारिंगी, तपकिरी असे कागद मिसळा. हात गोलाच्या मागून चिकटवायचे, बोटं बाहेर. शेवटी बोटांची टोकं पेन्सिलीभोवती गुंडाळून सोडली की आयाळ पुढे उभी राहते. भावंडांचे, आई-बाबांचे हात मिसळले तर लहान-मोठ्या लटा होतात.

तिसरी तऱ्हा: हात पांढरा, भोवती रंग

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत हाताची छाप आहे. ती किमान ३९,९०० वर्षं जुनी असल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. अर्जेंटिनात तर एका गुहेचं नावच 'हातांची गुहा' आहे. या छापा भिंतीवर हात ठेवून त्याच्याभोवती रंग फुंकून केलेल्या, म्हणजे हाताची जागा कोरी राहते. अर्जेंटिनातल्या बहुतेक छापा डाव्या हाताच्या, कारण उघड आहे: रंगाची नळी उजव्या हातात.

ही तऱ्हा मुलांना मुद्दाम द्यावी, कारण इथे आपली मदत जवळपास लागत नाही. एक हात कागदावर ठेवायचा, दुसऱ्या हाताने स्पंज टपटप करत भोवती रंग लावायचा. स्पंज जवळजवळ कोरडा हवा, घासायचा नाही, फक्त टेकवायचा. फुंकणं मात्र नको, रंग तोंडात जातो. निळ्या रंगातून पांढरा हात निघाला की तो उलटा करून जेलीफिश, काळ्या रंगातून निघाला की भूत. भूत हा प्राणी आहे का यावर वाद घालू नका.

डोळे, आणि मग वाळवण

प्राण्याचा स्वभाव डोळ्यांत असतो. त्याच हत्तीला दोन्ही डोळे जवळ-जवळ दिले तर तो बावळट दिसतो, वर दिले तर चकित. म्हणून डोळे चिकटवण्याआधी टिकल्या इकडे-तिकडे सरकवून बघू द्या. डोळे रंगानेच काढायचे असतील तर पेन्सिलीचं मागचं टोक पांढऱ्या रंगात बुडवून ठिपका द्या, आणि तो पूर्ण वाळल्यावरच काळं बुबुळ. पोटातलं पांढरं भोक राहिलंच असेल तर आता बोटाने रंग टेकवून बुजवा, किंवा तसंच ठेवून त्यात पोटातलं पिल्लू काढा. फराटलेला ठसा म्हणजे पळणारा प्राणी. मागे धुळीचे दोन लोट काढले की कोणाला शंका येत नाही.

ठसे आडवेच वाळवा. दोरीवर ओले टांगले की रंग ओघळतो. पातळ थर अर्ध्या-पाऊण तासात सुकतो, जाड थराला रात्रभर द्या. कागद वाकला असेल तर पूर्ण सुकल्यावर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं रचा. पूर्ण सुकल्यावर म्हणतेय. नाहीतर हत्ती वरच्या कागदाबरोबर निघून जाईल.

हात धुताना आधी ओल्या फडक्याने पुसा, मग साबण. नखांच्या कडांना लाल आणि निळा रंग एखाददोन दिवस राहतो, तो घासून काढायच्या फंदात पडू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने मुलाचं नाव, तारीख, कुठला हात आणि मुलाने सांगितलेलं प्राण्याचं नाव लिहा. शाईचं पेन पातळ कागदातून पुढे उतरतं.